नेर्सीनियांच्या घरातला मेणाचा चेहरा

मित्रांनो, हातात दिवा असेल तर तो तेवढा बाहेर ठेवून या आणि मग खुशाल जवळ बसा. माझं वय झालं आहे आणि मी मेणाचा मुखवटा आहे. आग म्हटली की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. मुखवट्याला पोट नसतं हे मला कळतं, पण गोळा येतो खरा.

रोम शहरात, सीलियन टेकडीच्या उतारावर नेर्सीनियांचं घर होतं. कुळ फार जुनं. शहराला तट नव्हता तेव्हापासून आम्ही इथे आहोत, असं घरात अभिमानाने सांगत. शेजारपाजारचे म्हणत, नेर्सीनिया नंतर आले, त्यांचं नाक आधी आलं. ते नाक ही आमच्या घराण्याची खूण होती. लांब, मध्ये उंचवटा आणि टोकाला जरासं खाली झुकलेलं. माझ्याही चेहऱ्यावर ते होतं. होतं म्हणतो, त्याचं कारण पुढे येईलच.

माझा चेहरा आग्रिप्पा नेर्सीनियस यांचा. मला घडवलं त्या वर्षी ते कॉन्सल होते, म्हणजे सगळ्या रोमचा कारभार त्यांच्या हाती होता. एवढं मोठं पद मिळालेल्या माणसाचाच मुखवटा आमच्याकडे करतात. कारागिराने त्यांना बाकावर उताणं निजवलं, चेहऱ्याला तेल चोळलं, नाकपुड्यांत दोन बारीक बोरू खोचले आणि ओला गिलावा तोंडभर थापला. "हलायचं नाही, हसायचं नाही, आणि शिंक आली तर गिळायची," असं त्याने त्यांना बजावलं. गिलावा घट्ट होईपर्यंत आग्रिप्पांचं बोटही हललं नाही. बघणारे म्हणाले, "काय धीराचा माणूस!" पण एका बोरूत गिलाव्याचा थेंब अडकला होता. आग्रिप्पा एकाच नाकपुडीने श्वास घेत होते आणि आपण इथेच गुदमरणार या भीतीने त्यांचं काळीज लटपटत होतं. साच्याने ते सगळं टिपून घेतलं. त्या साच्यात पिवळं मेण ओतलं तेव्हा ते माझ्यात उतरलं. वरून रंग दिला, भुवया काढल्या आणि लोक म्हणाले, "काय करारी चेहरा आहे!" मित्रांनो, करारी चेहऱ्याच्या आतल्या बाजूला काय असतं, ते कधीतरी आम्हा मुखवट्यांना विचारा.

मग मला कपाट मिळालं. घराच्या मधोमध चौक होता, वरून उघडा, खाली पावसाच्या पाण्याचा हौद. चौकाच्या उजव्या अंगाला एक दालन होतं. तिथे भिंतीशी ओळीने कपाटं आणि प्रत्येक कपाटात एक पूर्वज. साऱ्या घरात सगळ्यात चांगली खोली हीच. उत्तरेकडे तोंड, म्हणून उन्हाची तिरीपही आत येत नसे. भिंतींना आतून लाकडी फळ्या होत्या, म्हणून ओल नव्हती. दाराची फळी जाड, म्हणून वारा नव्हता. बाकीचं घर हिवाळ्यात कुडकुडायचं. स्वयंपाकघर गळायचं आणि बायकांच्या खोलीत कौलांमधून वारा शीळ घालायचा. पण मेणाला ऊन बाधतं, ओल बाधते, धग तर सगळ्यात जास्त बाधते. म्हणून आमच्या दालनात साध्या पणतीलाही मज्जाव होता. जिवंत माणसांपेक्षा आमचीच बडदास्त मोठी होती. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं.

घरातला कर्ता पुरुष गेला की आमची कपाटं उघडायची. नाटकातले नट बोलावले जायचे आणि ते आम्हाला तोंडावर चढवायचे. मला पहिल्यांदा ज्याने घातलं त्याच्या तोंडाला लसणाचा असा वास येत होता की विचारू नका. पण त्याने जांभळ्या काठाचा टोगा अंगावर घेतला, पुढे दंडधारी चालू लागले, आणि रस्त्याकडेच्या म्हाताऱ्यांनी माना लववल्या. "आग्रिप्पाच निघालाय रे!" असं कुणीतरी म्हणालं. फोरममध्ये, म्हणजे शहराच्या सभेच्या मैदानात, आम्ही सगळे पूर्वज हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीने बसलो. घरातला मुलगा चौथऱ्यावर उभा राहून एकेकाची कीर्ती सांगू लागला. स्वतःची कीर्ती ऐकायला कुणाला आवडत नाही? मलाही आवडली.

पण आम्ही बाहेर निघायचो ते फक्त तेव्हाच. त्यामुळे घरात एक समजूत मुरत गेली. मुखवटा कपाटातून निघाला की घरातून कुणीतरी जातं. खरं म्हणजे आधी माणूस जातं, मग मुखवटा निघतो. पण भीतीला आधी काय आणि नंतर काय, ते कुठे कळतं? आमची धूळ झटकणाऱ्या बायका एका हाताने फडकं फिरवायच्या आणि अपशकुन टळावा म्हणून दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांत घट्ट दाबून धरायच्या. एरवी मला कुणी कपाटातून चुकूनही हलवलं नाही.

मी सांगतो आहे त्या काळात घराचे कर्ते होते मामर्कस, आग्रिप्पांचे पणतू. नाक तेच, थेट तेच. पुरोहितांच्या मंडळात त्यांचा दरारा होता, कारण विधीच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस शहरात नव्हता. एकदा मोठा बळी चालू असताना बासरीवाल्याला ठसका लागला आणि सूर तुटला. मामर्कसनी हात वर केला. दुसरा बैल आणा, सगळं पुन्हा पहिल्यापासून! बासरीवाला रडकुंडीला येऊन म्हणाला, "महाराज, माझ्या मनात काही वाईट नव्हतं हो." त्यावर मामर्कस म्हणाले, "मनात काय होतं ते देव विचारत नाहीत. हातून काय झालं ते बघतात." हे बोलणं शहरभर झालं. मामर्कसनी स्वतःच ते मला कौतुकाने सांगितलं. रोज सकाळी ते माझं कपाट उघडून समोर बसायचे आणि घरातलं सगळं माझ्या कानावर घालायचे. बायको कधीच गेलेली, मग आणखी कुणाला सांगणार?

त्यांना एकच मुलगा होता, आउलस. तो स्पेनच्या लढाईवर गेला आणि तिथल्या छावणीत तापाने गेला. घरी आली ती राख. भर उन्हाळ्यात आम्ही सगळे त्याच्यासाठी बाहेर निघालो. मागून त्याची बायको फोलिया चालत होती. वय कोवळं, केस मोकळे, एक हात पोटावर. नटाच्या तोंडावरून मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने मान फिरवली आणि पोटावर दुसराही हात ठेवला.

त्या दिवसापासून मामर्कसचं रोजचं एकच मागणं असे. "आग्रिप्पा आजोबा, मुलगा होऊ दे. बापामागे आणि आजोबाच्या डोळ्यांदेखत जन्मलेल्या मुलाला ओपिटर म्हणायची आपली चाल आहे. मी ओपिटर नाव ठेवीन. नाहीतर कुळ इथेच थांबलं बघा." मी मेणाचा. मी काय देणार? मला नुसती धाकधूक लागून राहिली.

हिवाळा ऐन भरात असताना, दिवस भरायच्या आधीच फोलिया बाळंत झाली.

मित्रांनो, आमच्याकडे मूल जन्मलं की त्याला चौकात जमिनीवर ठेवतात. घराच्या कर्त्याने वाकून त्याला दोन्ही हातांनी उचललं की ते मूल घराचं झालं. नाही उचललं, तर त्याला टोपलीत घालून भाजीबाजारातल्या खांबापाशी ठेवून येतात. कुणाला दया आली तर तो घेऊन जातो. आईनं उचललेलं मोजत नाहीत.

त्या सकाळी माझं कपाट उघडं होतं, म्हणून मला चौक दिसत होता. या घरात म्हातारी झालेली दाई मिर्तो हिने लोकरीत गुंडाळलेलं काहीतरी मामर्कसच्या पायाशी ठेवलं. आउलसला तिनेच वाढवलं होतं आणि मामर्कसना ती त्यांच्या तरुणपणापासून ओळखत होती. दासी असली तरी तिच्या तोंडाला घरात सगळेच वचकून असायचे.

"धनी, मुलगी आहे," ती म्हणाली.

"एवढीशी?"

"वेळेआधी आलीये. घाई बापाचीच घेतलीये."

मामर्कस खाली बघत राहिले. "नाक कसं आहे?"

"आत्ता कुठलं नाक! मसुराचा दाणा ठेवलाय तिथं. तुमचंही असंच असेल. तुमच्या आईला कुणी विचारलं होतं का?"

मामर्कस वाकले नाहीत. त्यांचे हात टोग्यातच राहिले. मग म्हणाले, "आठव्या दिवशी मुलीचं नाव ठेवायचं असतं. तोवर राहिली तर बघू. जी आपणहून जाणार आहे तिला उचलून काय करायचं?"

"मग तोवर काय इथंच गार फरशीवर ठेवू?" मिर्तोने विचारलं.

ते निघून गेले. फोलिया भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि तिनेच पोरीला उचललं. मूल घराचं झालं की दाराला हार लावतात, तो लागला नाही. घरात मूल आलं होतं आणि आलं नव्हतंही.

पुढचे दिवस मला बायकांच्या खोलीतून फक्त आवाज ऐकू यायचे. वाऱ्याची शीळ, मिर्तोची कुरकुर, आणि मध्येच मांजराच्या पिल्लासारखं एक बारीक रडणं. ते रडणं ऐकू आलं की मला बरं वाटायचं. थांबलं की जीव टांगणीला लागायचा. मिर्तोच्या कुरकुरीतूनच सगळं कळायचं. पोरगी दूध ओढत नव्हती. फोलिया लोकरीची वात दुधात बुडवून तिच्या ओठांवर पिळायची. तळपाय निळे पडले होते. पोटाशी धरलं की ऊब यायची, खाली ठेवलं की जायची. आणि एक दिवस रडणं सकाळपासून ऐकूच आलं नाही.

मामर्कस त्या दिवशी लवकरच देवळाकडे गेले होते. जाताना माझं कपाट लावायला विसरले. थोड्या वेळाने दालनाचं दार ढकलून फोलिया आत आली, छातीशी गुंडाळी धरून. मागोमाग मिर्तो, तिच्या हातात पेटत्या कोळशांची शेगडी.

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात त्या दालनात ठिणगीसुद्धा आली नव्हती.

"बाई, इथं?" मिर्तो कुजबुजली. "इथं पणतीसुद्धा चालत नाही. धनी माझी सालटी काढतील."

"इथं वारा नाही, मिर्तो. सगळ्या घरात एवढी एकच खोली कोरडी आहे आणि ती मेलेल्यांना दिलीये."

"हळू बोला! ऐकतायत ते."

"ऐकू देत. त्यांनाही लेकरं होती."

मिर्तोने शेगडी खाली ठेवली आणि माझ्याकडे हात पुढे केला. "निदान यांना तरी बाहेर ठेवूया. पाघळतील हो."

"हात लावू नकोस!" फोलिया एवढ्या जोरात ओरडली की मिर्तो दचकून मागे सरली. "आउलस गेले तेव्हा हे निघाले होते. आज निघाले तर कुणासाठी निघतील? सांग ना, कुणासाठी?"

मिर्तोचा अंगठा आपोआप बोटांत गेला. पुन्हा तिने कपाटांकडे पाहिलं नाही.

फोलियाने आउलसचा जाड लष्करी अंगरखा फरशीवर अंथरला, शेगडी आणि दार यांच्या मधोमध, आणि त्यावर पोरीला निजवलं. दार लावलं तर कोळशाचा धूर कोंडणार. उघडलं तर वारा येणार. ती दाराशी बसून फळी बोटभर उघडायची, पुन्हा बोटभर ओढायची. पोरीच्या नाकाशी गाल न्यायची, श्वास लागतो का बघायची, आणि पुन्हा दार. मला आग्रिप्पांचा तो अडकलेला बोरू आठवला.

धग हळूहळू माझ्यापर्यंत आली. आधी हनुवटी मऊ झाली. मग गालांवरचा रंग चिकट झाला. शेगडी पेटती राहिली तर मी जाणार होतो. विझवली तर ती पोर जाणार होती. मला दोन्ही भीती एकदम वाटत होत्या आणि दोन्हीपुढे मी सारखाच हतबल होतो. माझ्या हनुवटीवरून मेणाचा एक थेंब ओघळला आणि खालच्या फळीवर टप्पकन पडला.

तेवढ्यात चौकात माणसांचे आवाज आले. मामर्कस परतले होते आणि नेहमीप्रमाणे त्यांना भेटायला आलेली मंडळी मागोमाग आत शिरली होती. या मंडळींत लुर्को नावाचा एक जाडा, गप्पिष्ट गृहस्थ होता. तो नेर्सीनियांच्या आश्रयाला होता आणि जेवणाच्या बोलावण्यासाठी रोज हजेरी लावायचा. त्यालाच आधी वास आला.

"मेण जळतंय का कुठं?" तो म्हणाला.

मामर्कस दालनाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी शेगडी पाहिली. मला पाहिलं. मी त्यांचा चेहरा एवढा पांढरा कधी पाहिला नव्हता.

"बाहेर काढ," ते म्हणाले.

फोलिया उठून उभी राहिली. "काय बाहेर काढू मामंजी? शेगडी, का मुलगी?"

"सूनबाई, हे आग्रिप्पा आहेत! हा कॉन्सल माणूस तुझ्या डोळ्यांदेखत वितळतोय!"

"आणि ही तुमच्या डोळ्यांदेखत गारठतेय."

मामर्कस तिला ओलांडून माझ्याकडे झेपावले. दोन्ही हात माझ्या कानांपर्यंत आले. उचला, उचला मला, असं मी आतून ओरडत होतो. पण फोलियाचा आवाज मागून आला, आता अगदी बारीक. "काढू नका मामंजी. पाया पडते. मुखवटा निघाला की घरातून कोण जातं, तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांचे हात हवेतच थांबले. उन्हाळ्यात मला त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढलं होतं. ते आम्हा दोघांनाही आठवलं.

मुखवटा काढता येईना, वितळू देता येईना. उरली शेगडी. मामर्कस रागारागाने वळले आणि ती उचलायला खाली वाकले. पण दाराकडे जायच्या वाटेत अंगरखा होता आणि अंगरख्यावर ती होती. तिला बाजूला केल्याशिवाय शेगडी बाहेर जाणार नव्हती. म्हातारा माणूस, घाईत गुडघा टेकला, दोन्ही हातांनी तिला उचललं, आणि कुठे ठेवावं ते न कळून तसाच उभा राहिला.

पहिली मिर्तोच ओरडली.

"उचललं! धन्यांनी उचललं!"

"काय उचललं?" मामर्कस गोंधळले.

"जमिनीवरून उचललंत! गुडघा टेकून, दोन्ही हातांनी! अहो, पाहिलंत ना सगळ्यांनी?"

"मी पाहिलं!" लुर्को पोट पुढे काढून म्हणाला. "देवाशपथ पाहिलं!" मागच्या दोघाचौघांनीही माना डोलावल्या.

"मूर्खांनो, मी शेगडी उचलायला वाकलो होतो!" मामर्कस गरजले. "ही वाटेत होती! मनात माझ्या असं काहीही..."

आणि ते अडखळले. लुर्कोने डोकं खाजवलं, आणि अगदी आदराने, जेवणाचं बोलावणं जाईल या भीतीने अर्धमेला होऊन म्हणाला, "पण धनी, मनात काय होतं ते देव कुठं विचारतात?"

मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि ते त्याने खोकल्यात दडवलं. मामर्कसनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? माझी हनुवटी गळत होती. फोलियाने पोरीला तिथे जमिनीवर मुद्दाम ठेवलं होतं की ऊब तिथे जास्त होती म्हणून, ते मला आजही ठाऊक नाही. तिने कधी सांगितलं नाही.

एका शब्दाने मामर्कसना ते उचलणं नाकारता आलं असतं. घर त्यांचं होतं. पण मग त्या बासरीवाल्याचं काय? आयुष्यभर ज्यावर उभे राहिले ती जमीनच पायाखालून गेली असती. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो. तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच हातातल्या गुंडाळीकडे नीट पाहिलं. त्यांचा आवाजच बदलला.

"हिला तर काही वजनच नाही."

"म्हणून तर, मामंजी," फोलिया म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

मामर्कस अंगरख्यावर खाली बसले, शेगडीला चिकटून. टोग्याचं टोक त्यांनी पोरीभोवती लपेटलं. "दार लावा. वारा येतोय."

"पुरतं नको धनी," मिर्तो म्हणाली. "धूर कोंडेल."

"मग थोडं लाव. पण लाव."

लुर्कोला राहवेना. "आणि हे, धनी? ही सगळी मोठी माणसं?"

मामर्कसनी ओळीने सगळ्या कपाटांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "राहू देत जागच्या जागी. आज या घरातून कुणीही बाहेर जाणार नाही." ते उठले, पोरीला एका हातावर घेऊन एकेक कपाट नीट लागलंय का ते बघत आले. माझ्यापाशी थांबले. "आग्रिप्पा आजोबा," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी अंधारात काढले. लाकडाच्या फळीतून धग झिरपत होती, सावकाश आणि सतत. आधी माझ्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. लोक ज्याला करारीपणा म्हणत तो त्या आठ्यांतच होता. मग भुवया पसरल्या. मग आमच्या घराण्याचं ते नाक वरच्या ओठावर टेकलं. मी कोण आहे ते मलाच कळेनासं झालं. पण खरं सांगतो, माझं सगळं लक्ष कानात होतं. बाहेर ती श्वास घेते आहे का? कधीकधी इतकी शांतता व्हायची की मला वाटे, झालं. मग फोलिया म्हणायची, "मिर्तो, बघ गं." आणि मिर्तो म्हणायची, "झोपलीये हो, किती वेळा बघायचं?" आणि तरी बघायची. एकदा चुटूचुटू असा आवाज आला. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. "ओढतेय!" फोलिया दबक्या आवाजात म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर पोर दूध ओढायची थांबेल. मग चौकातून मामर्कसचा आवाज आला. पुरोहितांच्या मंडळात दरारा असलेला तो माणूस लुर्कोला सांगत होता, "अरे, आज माझा सगळा टोगा भिजवला तिने!" एखादा किल्ला जिंकून आल्यासारखा त्यांचा स्वर होता.

आठव्या दिवशी आमची कपाटं उघडली. सणावाराला उघडतात तशी, जागच्या जागी. उजेड आत आला आणि लुर्कोच्या तोंडून "अरेरे!" निघालं. फोलियाने तोंडावर हात घेतला. कुणाचं तोंड हनुवटीत रुतलं होतं, कुणाचे दोन्ही डोळे एक झाले होते. मामर्कस एकेकाला निरखत माझ्यापर्यंत आले. मी वाट बघत होतो, आता यांचं काळीज फाटणार. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आजोबा," ते म्हणाले, "तुम्ही थेट माझ्या आत्यासारखे दिसायला लागलात."

मिर्तो फिस्सकन हसली. मग मामर्कसनी खांद्यावरच्या पोरीला वळवून माझ्यासमोर धरलं. आजवर नव्या बाळाला आमची ओळख करून द्यायचे. हे आग्रिप्पा, हे अमुक, हे तमुक. त्या दिवशी त्यांनी ते उलट केलं. "ही नेर्सीनिया," ते आम्हाला म्हणाले. "नीट बघून घ्या." मुलींना आमच्याकडे कुळाचंच नाव देतात. त्या नावावर शेवटचा हक्क तिचाच होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. नेर्सीनिया वाढली, चांगली तगडी झाली. नाक मात्र आईचं आलं. ती पळत पळत फुलं आणण्याएवढी झाली तोवर मामर्कस गेले. मुखवटे बाहेर निघायची वेळ आली तेव्हा नटांच्या म्होरक्याने मला हातात घेऊन विचारलं, "हा काय आहे? भाजलेला कांदा?" मला कुणी तोंडावर चढवलं नाही. हस्तिदंती खुर्च्या त्या दिवशी रिकाम्याच राहिल्या. लोक म्हणाले, नेर्सीनियांचं संपलं. ते खरंच होतं. नेर्सीनियाचं लग्न झालं तेव्हा तिने मला सासरी आणलं. इथे दुसऱ्या कुळाचे पूर्वज आहेत, चकचकीत, नाकं जागच्या जागी. मी मागच्या खोलीत तेलाच्या रांजणांपाशी असतो. परवाच एक मेणबत्त्यावाला मला बोटाने टोकरून "मेण चांगलं आहे" असं म्हणून गेला. तेव्हापासून मला झोप नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला विनंती करायची होती. जुन्या वस्तूंना जपा. आमच्यात कुणाचा तरी कोंडलेला श्वास असतो, कुणाचं तरी मागणं असतं. धूळ झटका, उन्हात टाकू नका, भाजलेला कांदा म्हणू नका. पण घरातलं एखादं लहानगं थंडीने निळं पडत असेल, आणि सगळ्यात कोरडी खोली आमचीच असेल, तर आमच्या चेहऱ्यांकडे बघत दारात उभे राहू नका. शेगडी आत घ्या. आमचं आम्ही बघून घेऊ.